न सापडलेल्या सोडचिठ्ठीचं काय करायचं? १९६२ च्या एका निर्देशाचं वाचन

संशोधन-पद्धतीच्या तासाला आपल्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं जातं : पुरावा न सापडणं म्हणजे घटना घडलीच नाही असं नव्हे. पेपरात लिहायला हे वाक्य फार सोपं. आज आपण असं एक प्रकरण बघूया, जिथे या साध्या वाक्याचा विसर पडल्यामुळे माणसांची लग्नं अडली. ही माणसं आपल्याच किनाऱ्यावरची, मराठी बोलणारी. कागद मागणारं कार्यालय मात्र जेरुसलेमला होतं.

परदेशातला घटस्फोट, त्याचे कागद आणि पुन्हा लग्न हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला इंजिनियर येतो. रायगडच्या किनाऱ्यावर या विषयाचा एक जुना आणि जास्त अवघड नमुना आहे. अलिबागहून मुरुडकडे निघालात की चौल, रेवदंडा, कोर्लई, बोर्ली, मग काशीद आणि पुढे नांदगाव लागतं. काशीदला आपण वाळू आणि सुरूच्या बनासाठी थांबतो. पण या पट्ट्यातल्या गावांची नावं आज इस्रायलमध्ये आडनावं म्हणून नांदतायत : नांदगावकर, चेऊलकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर. हे बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याकडे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले ज्यू. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं मागेन अबोथ १८४८ चं.

१९४८ नंतर यातले हजारो लोक इस्रायलला गेले. तिथे त्यांना दोन दारं लागली, आणि दोन्ही दारांवर वेगवेगळे कागद मागितले गेले. आजचं सगळं विवेचन या दोन दारांतल्या फरकावर उभं आहे.

पहिलं दार उघडं, दुसरं अडलेलं

पहिलं दार देशात शिरण्याचं. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने प्रत्येक ज्यू माणसाला इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क दिला. बेने इस्रायली या कायद्याखालीच स्थलांतरिताचा व्हिसा घेऊन गेले. म्हणजे राज्यसंस्थेच्या लेखी ते ज्यू होते.

दुसरं दार लग्नाचं. १९५३ च्या कायद्याने इस्रायलमधल्या ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या हाती दिले. देशाच्या आत दोन ज्यूंना नागरी पद्धतीने लग्न करायची सोय तिथे नाही. त्यामुळे नोंद करणारा रब्बाय ‘थांबा’ म्हणाला, की विषय संपला.

बेने इस्रायली मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं ठरू लागली तेव्हा काही रब्बाय खरंच ‘थांबा’ म्हणाले. प्रकरण मुख्य रब्बायांच्या परिषदेपुढे गेलं. त्या वेळी यित्झाक निस्सीम हे मुख्य रब्बाय होते. ऑक्टोबर १९६१ मध्ये परिषदेने ठरवलं की बेने इस्रायलींशी लग्न करायला सरसकट बंदी घालण्याचं कारण नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये मात्र नोंदणी करणाऱ्या रब्बायांसाठी निर्देश निघाले. त्यांचा आशय असा : बेने इस्रायली व्यक्तीचं इतर ज्यूशी लग्न लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, तिची आई, आईची आई, असं जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन त्या ज्यू होत्या का ते बघा. दोन, तिच्या आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलं होतं का, आणि धर्माने निषिद्ध ठरवलेल्या नात्यात कुणाचं लग्न झालं होतं का, ते बघा. शंका आली तर प्रकरण धार्मिक न्यायालयाकडे पाठवा.

या प्रकरणाबद्दल आपण जे वाचतो त्यात बहुतेक वेळा एकच प्रश्न पुढे असतो : ‘बेने इस्रायली हे खरे ज्यू आहेत का?’ म्हणजे वाद ओळखीचा, आणि थोडा रंगाचा. हे वाचन खोटं नाही. पहिल्या तपासणीत ओळखीचाच प्रश्न आहे, आणि आंदोलन करणाऱ्यांनी भेदभावाचा आरोप केला तो उगाच नव्हता. तरी माझं म्हणणं असं की हे वाचन अपुरं आहे. ‘बंदी नाही’ हे १९६१ मध्येच ठरलं होतं. १९६२ चा निर्देश ज्याच्यावर जास्त घट्ट उभा आहे तो मुद्दा सोडचिठ्ठीचा आहे. ‘ओळख’ हा शब्द एवढा मोठा आहे की त्याच्या सावलीत हा कागद दिसेनासा होतो. म्हणून आपण कागदाकडे बघूया.

आडनाव कामाला का आलं नाही

कोकणातल्या बेने इस्रायलींजवळ वंशाचा एक चांगला पुरावा होता : आडनाव. नांदगावकर म्हटलं की घराणं कुठलं हे कळतं. पण आडनाव चालतं बापाकडून. निर्देश विचारतो आईच्या आईबद्दल. लग्न होऊन मुलगी सासरी गेली की तिचं माहेरचं आडनाव पुसलं जातं, आणि दोन पिढ्यांनी ‘आजीची आई कुठली?’ याचं उत्तर फक्त घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ उरतं.

म्हणजे समाजाकडे जो दप्तरखाना होता तो बापाच्या बाजूचा, आणि प्रश्न होता आईच्या बाजूचा. प्रश्न चुकीचा होता असं नाही, ज्यू धर्मशास्त्रात ज्यू असणं आईकडूनच येतं. पण विचारणाऱ्याचा प्रश्न आणि उत्तर देणाऱ्याची नोंद-पद्धत यांची तोंडं उलट्या दिशेला असली, की कागद ‘सापडत नाही’. ही गैरहजेरी नोंद-पद्धतीतून आलेली आहे. तिच्यावरून त्या आजीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

सोडचिठ्ठी मुळात उरते का?

आता मुख्य मुद्दा. ज्यू धर्मशास्त्रात लग्न मोडण्यासाठी नवऱ्याने बायकोच्या हातात एक लेखी पत्र द्यावं लागतं. त्याला हिब्रूत ‘गेट’ म्हणतात (फाटकाशी काही संबंध नाही). जाणकार लेखनिकाने बारा ओळींत लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : सोडचिठ्ठी.

हे पत्र मिळाल्याशिवाय त्या बाईने दुसऱ्या पुरुषाशी संसार मांडला, तर धर्माच्या दृष्टीने ती अजून पहिल्याचीच बायको असते. त्या दुसऱ्या संसारातली मुलं ‘मामझेर’ ठरतात, आणि मामझेर व्यक्तीला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. हा डाग वंशपरंपरेने पुढे चालतो. रब्बायांची भीती ही होती : कोकणातल्या लोकांना गेटचे नियम माहीत नसतील, मग तिथे घटस्फोटानंतर झालेल्या लग्नांचं काय? त्यांच्या धर्मशास्त्रीय चौकटीत ही शंका गंभीर होती, हे मान्य करूनच टीका केली पाहिजे.

पण बघा, गेट दिल्यावर त्या पत्राचं काय होतं? रूढी अशी की बाईच्या हातात पडल्यावर ते परत घेतात, त्याला चीर देतात आणि ते धार्मिक न्यायालयाच्या दप्तरात ठेवतात. बाईला मिळतो तो एक वेगळा दाखला, की हिचा रीतसर घटस्फोट झाला. म्हणजे सगळं अगदी नियमाने झालं तरी मूळ पत्र तिच्या घरी नसतं. तिच्याकडे काय आहे हे ठरवतं दाखला देणारं न्यायालय. आणि कोकणातल्या बेने इस्रायलींकडे असं न्यायालय नव्हतंच. त्यांच्यात रब्बाय नव्हते. गावचे तंटे मुकादम आणि काझी यांच्यासमोर मिटत.

एक कल्पित उदाहरण घ्या. १८९५ च्या सुमारास खाडीकाठच्या एका गावात एका मुलीचं लग्न मोडलं, आणि दोन वर्षांनी तिचं दुसरं लग्न झालं. पहिलं लग्न मोडताना तिला लेखी पत्र दिलं गेलं का? दिलं असलं तर ते कुणी जपून ठेवलं? आजूबाजूच्या समाजांत लग्न मोडण्याला ‘काडीमोड’ म्हणत. सोडचिठ्ठी या शब्दात कागद आहे, काडीमोड या शब्दात नुसती मोडलेली काडी. सरकार-दरबारीही नोंदीची सक्ती नव्हती. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा आला १९५३ मध्ये. आणि १९६२ मध्ये त्या मुलीच्या नातीला परदेशातल्या कार्यालयात विचारलं जातं, ‘तुझ्या आजीचा घटस्फोट झाला होता का? मग पत्र कुठे आहे?’

या प्रश्नाचा कोणताही कागदी जबाब असूच शकत नाही. पत्र दिलं गेलं असलं तरी जबाब नाही, दिलं गेलं नसलं तरी नाही. ज्या तपासणीत निर्दोष आणि सदोष दोघेही सारखेच दिसतात, ती तपासणी काहीही मोजत नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर हे साधन वैध नाही.

मोहोर असलेला कागद उलटा फिरतो

बरं, ज्यांच्याकडे कागद होता त्यांचं काय? या किनाऱ्यावरचे अनेक जण मुंबईला स्थायिक झाले होते. भारतात ज्यूंच्या विवाहाचा संहिताबद्ध कायदा आजही नाही. मात्र ज्यू दांपत्याचा वैवाहिक दावा आपल्याला चालवता येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९२६ मध्येच मानलं होतं. म्हणजे शिकलेलं, शहरी कुटुंब असेल तर ते न्यायालयात जाऊन हुकूमनामा आणू शकत होतं. भारतात पुन्हा लग्न करायला तो पुरेसा.

पण रब्बायाच्या टेबलावर हाच हुकूमनामा काय सांगतो? पहिलं, घटस्फोट नक्की झाला. दुसरं, तो न्यायाधीशाने दिला. मग गेट कुठे आहे? इथे मुक्तीचा म्हणून जपलेला कागद आरोपाचा कागद बनतो. ज्याने काहीच नोंदवलं नाही तो ‘संशयित’, आणि ज्याने नियमाने नोंदवलं तो जास्त संशयित.

हीच उलटापालट मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. कागद स्वतः काही सिद्ध करत नाही. कोणतं कार्यालय तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचतं, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘माझ्याकडे मूळ दस्तऐवज आहे’ एवढ्यावर प्रबंधाचं प्रकरण उभं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बचावाचीही तीच अडचण

टीका एकाच बाजूवर करून चालणार नाही. बेने इस्रायलींच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला गेला : आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नसत, त्यामुळे मामझेरचा प्रश्नच येत नाही. ऐकायला हे भक्कम वाटतं. पण ‘घटस्फोट नव्हते’ हे कशावरून? नोंदी नाहीत यावरून! म्हणजे रब्बाय त्याच रिकाम्या दप्तराकडे बघून म्हणतात, सोडचिठ्ठ्या नाहीत म्हणजे लग्नं संशयास्पद. आणि बचाव करणारे म्हणतात, सोडचिठ्ठ्या नाहीत म्हणजे घटस्फोटच नाहीत. दोघांचं अनुमान एकाच पोकळीतून निघतं. आपली सहानुभूती एका बाजूला आहे म्हणून त्या बाजूचं अनुमान पक्कं होत नाही.

माझ्या मते बचावाला जास्त मजबूत आधार ज्यू परंपरेतच होता. तालमूदमध्ये, किद्दुशीन या भागात, एक तत्त्व येतं : एखाद्या कुटुंबात असा दोष मिसळून गेला असेल आणि तो उघड नसेल, तर उकरू नये, मिसळलं ते मिसळलं. परंपरेला ठाऊक होतं की पिढ्या मागे खणत गेलं तर कुणाच्याही घरात काहीतरी निघेल. ‘जितकं मागे जाता येईल तितकं मागे जा’ हा आदेश या तत्त्वाशी सरळ भांडतो. त्यात तो आदेश एकाच समाजाचं नाव घेऊन काढला गेला. म्हणजे निर्देशावर आधुनिक समतेच्या तत्त्वाने टीका करता येतेच, पण त्याच्या स्वतःच्या शास्त्रानेही करता येते. समीक्षा करताना ही दुसरी वाट आधी शोधावी, कारण समोरच्याला ती टाळता येत नाही.

१९६४ : नाव गेलं, प्रश्न राहिला

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये जोरदार आंदोलन केलं. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचं स्पष्ट केलं. पंतप्रधान होते लेव्ही एश्कोल. त्याच महिन्याच्या अखेरीस निर्देश बदलले : ‘बेने इस्रायल’ हे नाव काढून, ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा कुणालाही ते लागू केले गेले.

याला विजय म्हणायचं का? एका समाजावरचा शिक्का पुसला गेला, हे मोठंच होतं. पण पुराव्याचा भार जिथे होता तिथेच राहिला. शंका घेणारा अधिकारी, आणि शंका फेडायची नवरा-नवरीने. शब्द बदलला की पद्धत बदलली असं आपण घाईने लिहून टाकतो. निर्देशाच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून फक्त एवढं विचारा : आधी काय सिद्ध करावं लागत होतं, कुणाला? नंतर काय, कुणाला?

दोन प्रश्न वेगळे ठेवणारा निकाल

तुलनेसाठी भारतातला एक निकाल घेऊ. तो घटस्फोटाच्या कागदाबद्दलच आहे, फक्त दिशा उलटी, कागद परदेशातून इकडे आला. सर्वोच्च न्यायालयाचा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. व्यंकट लक्ष्मी हा जुलै १९९१ चा निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला. १९७५ मध्ये तिरुपतीला लग्न. १९८० मध्ये नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात बायकोच्या गैरहजेरीत घटस्फोट मिळवला. १९८१ मध्ये दुसरं लग्न. पहिल्या बायकोची द्विभार्येची फिर्याद. बचावात नवऱ्याने पुढे केली हुकूमनाम्याची फोटोकॉपी.

न्यायालयाने दोन प्रश्न अलग केले. एक : हा कागद पुरावा म्हणून चालतो का? तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे रीतसर प्रमाणित नसलेली फोटोकॉपी चालत नव्हती. दोन : कागद अस्सल धरला तरी त्यातला निर्णय भारतात बांधील आहे का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या आधारे उत्तर आलं, नाही. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाने, त्याच कायद्यातल्या कारणावर दिलेला घटस्फोटच साधारणपणे मानला जाईल. अपवाद ठेवले, जसं की दुसऱ्या पक्षाने स्वखुशीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला असेल, किंवा घटस्फोटाला संमती दिली असेल.

या निकालावर टीका करायला जागा आहे. दोघंही वर्षानुवर्षं परदेशात असतील तर तिथे सुटलेलं जोडपं इथे बांधलेलंच राहू शकतं. पण त्याची शिस्त घेण्यासारखी आहे : ‘कागद खरा आहे का’ आणि ‘कागद इथे लागू आहे का’ हे एकात मिसळायचं नाही. १९६२ च्या निर्देशात नेमकं हेच मिसळलं गेलं, आणि त्यात तिसरी गोष्टही आली : ‘कागद नाही’. तीन वेगळ्या अवस्थांना मिळून एकच नाव पडलं, शंका.

आजही व्यवहारात हा फरक रोज लागतो. समजा, एखाद्याला परदेशात घटस्फोट मिळाल्यावर इथे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं आहे. कायद्याची अट अशी की दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, म्हणून आधीचं लग्न कायद्याने संपल्याचं दाखवावं लागतं. मग नव्या जोडीदाराच्या अमेरिकन व्हिसासाठी आधीची सगळी लग्नं संपल्याचे पुरावे पुन्हा जोडावे लागतात. भारतात २००५ पासून अपोस्टिल चालतं. पण अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. दुसऱ्या प्रश्नाबद्दल ते गप्प असतं.

तुमच्या आराखड्यासाठी

बेने इस्रायलींवर किंवा एकूणच विवाहाच्या नोंदींवर काम करायचा विचार असेल तर दप्तरखान्यात शिरण्याआधी तीन प्रश्न लिहून काढा. हा कागद त्या काळी त्या ठिकाणी तयार होत होता का? झाला असेल तर कुणाकडे राहत होता? आणि आज तो मागणारा नेमकं काय सिद्ध करू पाहतोय? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘नोंदी आढळल्या नाहीत’ हे वाक्य निष्कर्षाच्या प्रकरणात घालू नका. ते पद्धतीच्या प्रकरणात जातं.

आणि एक गोष्ट नीतिमत्तेच्या फॉर्मवर सहसा विचारली जात नाही. समजा, सिनेगॉगच्या जुन्या वहीत किंवा एखाद्या आजींच्या मुलाखतीत तुम्हाला १९१० च्या सुमारची, सोडचिठ्ठीशिवाय झालेल्या दुसऱ्या लग्नाची नोंद सापडली. आपल्यासाठी ती सोन्याची खाण. पण मामझेरपणा वंशपरंपरेने चालतो. नावगावासकट ती नोंद तुम्ही छापली, तर इस्रायलमध्ये उद्या लग्न करू पाहणाऱ्या तिच्या पणतीच्या वाटेत तुमचा प्रबंध आडवा येऊ शकतो. नुसतं नाव बदलून भागणार नाही, कारण एवढ्या छोट्या समाजात गाव आणि साल सांगितलं की घर ओळखू येतं. अशा वेळी गाव आणि साल दोन्ही गाळा, आणि तरीही घर ओळखू येत असेल तर नोंदच वगळा. प्रबंध एका तळटीपेने कमी झाला तरी चालेल.